जुनं औषध, नवा विषाणू: पुरावा कसा तपासायचा

जून २०२० मध्ये फॅविपिराविर ही मूळची फ्लूवरची गोळी भारतात कोविडसाठी मंजूर झाली, तेव्हा एका गोळीची किंमत होती १०३ रुपये. पहिल्या दिवशी २०० मिलिग्रॅमच्या नऊ गोळ्या सकाळी, नऊ संध्याकाळी. दुसऱ्या दिवसापासून चार-चार. चौदा दिवसांचा पूर्ण कोर्स घेतला तर १२२ गोळ्या, म्हणजे साडेबारा हजार रुपये. किंमत पुढे ७५ रुपयांवर आली, पण पगार निम्म्यावर आलेल्या मुंबईकर घराला तीही कमी नव्हती.

या औषधाची भारतातली तिसऱ्या टप्प्याची चाचणी झाली १५० रुग्णांवर, आजार सौम्य किंवा मध्यम. मुख्य निकष होता विषाणू स्वॅबमधून नाहीसा व्हायला लागणारे दिवस. औषध घेणाऱ्यांत पाच, न घेणाऱ्यांत सात. ऐकायला बरं वाटतं, पण पी-मूल्य निघालं ०.१२९, म्हणजे असा फरक निव्वळ योगायोगानेही दिसू शकतो. लक्षणं कमी होण्याचा दुय्यम निकष मात्र फायद्याच्या बाजूने गेला, तीन दिवस विरुद्ध पाच. फक्त ही चाचणी खुली होती. कोणाला गोळी मिळते आहे हे डॉक्टरांनाही माहीत होतं आणि रुग्णांनाही. 'आता बरं वाटतंय' हे उत्तर अशा वेळी थोडं लवकर येतं.

एवढं वाचायला संख्याशास्त्राची पदवी लागत नाही. कुठे बघायचं ते ठाऊक असावं लागतं. नवी साथ आली की पहिल्या आठवड्यातच कुठल्यातरी जुन्या औषधाचं नाव फिरू लागतं आणि दुपारपर्यंत केमिस्टकडे स्टॉक संपलेला असतो. हा लेख फॅमिली डॉक्टरांसाठी, केमिस्टसाठी, फार्मसीच्या मुलांसाठी आणि प्रत्येक कुटुंबात असणाऱ्या त्या एका माणसासाठी आहे, ज्याला सगळे नातेवाईक फोन करून विचारतात, 'हे घेऊ का रे?' स्वतःचं औषध स्वतः ठरवण्यासाठी तो नाही.

पहिली पायरी: बातमीचा प्रश्न करा

'अमुक औषध कोरोनावर गुणकारी' या वाक्यात तपासण्यासारखं काहीच नसतं. कागद घ्या आणि पाच गोष्टी लिहा: कोणाला दिलं, आजाराच्या कितव्या दिवशी, किती मात्रेत, कशाच्या तुलनेत आणि नेमकं काय सुधारलं. बातमीतून, मेसेजमधून किंवा एमआरने (औषध कंपनीच्या प्रतिनिधीने) ठेवलेल्या पत्रकातून यांतल्या दोनच जागा भरता आल्या, तर मूळ निबंध मिळेपर्यंत पुढे जाऊ नका. बहुतेक वेळा रिकामी राहणारी जागा तुलनेची असते.

दुसरी पायरी: काचेतला आकडा रक्तात उतरवून बघा

सुरुवात जवळजवळ नेहमी काचेत, म्हणजे प्रयोगशाळेतल्या पेशींपासून होते. आयव्हरमेक्टिन या जंतांवरच्या औषधाचं उदाहरण सविस्तर घेऊ, कारण हे गणित एकदा हाताने केलं की कायमचं लक्षात राहतं.

एप्रिल २०२० मध्ये ऑस्ट्रेलियातल्या संशोधकांनी दाखवलं की पेशींवर ५ मायक्रोमोलर इतक्या तीव्रतेचं आयव्हरमेक्टिन टाकलं तर ४८ तासांत विषाणूचा आरएनए सुमारे ५००० पटीने घटतो. बातम्यांनी ५००० उचललं आणि ५ कडे कोणी बघितलं नाही. या औषधाचा रेणुभार सुमारे ८७५. त्याला ५ ने गुणा: ४३७५. म्हणजे दर मिलिलिटरला साधारण ४४०० नॅनोग्रॅम. आता १२ मिलिग्रॅमची नेहमीची मात्रा उपाशीपोटी घेतल्यावर रक्तात सर्वोच्च पातळी किती जाते? साधारण ३० ते ५० नॅनोग्रॅम. भागाकार करा. उत्तर शंभर पटीच्या आसपास येतं. शिवाय रक्तातलं ९० टक्क्यांहून अधिक आयव्हरमेक्टिन प्रथिनांना चिकटलेलं असतं, मोकळं फारच थोडं. माणसाला शंभर पट मात्रा देता येत नाही. तेव्हा हे औषध घेण्याचं ते कारण तिथेच संपतं, निदान विषाणूवर थेट मारा करण्यापुरतं तरी.

हे आकडे शोधायला अवघड नाहीत. पेशींवरची तीव्रता निबंधाच्या सारांशात असते, रक्तातली सर्वोच्च पातळी औषधाच्या अधिकृत माहितीपत्रकात. एकक मात्र दोनदा तपासा. मायक्रोमोलर आणि नॅनोग्रॅम यांच्या गोंधळात हजार पटीची चूक सहज होते.

दुसरा प्रश्न: पेशी कोणाच्या? कोविडच्या सुरुवातीचे बरेच प्रयोग 'व्हेरो' पेशींवर झाले, म्हणजे आफ्रिकी माकडाच्या मूत्रपिंडाच्या पेशींवर. त्या पेशींत विषाणू ज्या वाटेने शिरतो ती वाट क्लोरोक्वीन या मलेरियाच्या औषधाने अडते. माणसाच्या फुप्फुसाच्या पेशींत टीएमपीआरएसएस२ नावाचं विकर (एन्झाइम) असतं आणि त्याच्या मदतीने विषाणू दुसऱ्याच दाराने आत येतो. जुलै २०२० मध्ये फुप्फुसाच्या पेशींवर तोच प्रयोग झाला तेव्हा क्लोरोक्वीन निष्प्रभ ठरलं. २०२१ मध्ये आणखी एक गोष्ट पुढे आली. एचसीक्यू (हायड्रॉक्सिक्लोरोक्वीन, क्लोरोक्वीनचंच भावंड), हृदयाच्या ठोक्यांवरचं अमियोडॅरोन अशी कितीतरी औषधं पेशींत चरबीसारखे पदार्थ साठवून ठेवतात, याला फॉस्फोलिपिडोसिस म्हणतात, आणि काचेत दिसणारा विषाणूविरोधी गुण बऱ्याचदा या बिघाडाचाच असतो. म्हणून एकाच वेळी पाच-पंचवीस असंबद्ध औषधं 'गुणकारी' निघाली की मला आनंद होण्याऐवजी संशय येतो.

क्लोरोक्वीनचा तर पूर्वेतिहासही होता. चिकनगुनियाच्या विषाणूवर ते काचेत छान चालायचं. २००६ च्या साथीत रेयुनियन बेटावर रुग्णांना देऊन पाहिलं तर फायदा नाहीच, उलट काही महिन्यांनी सांधेदुखीची तक्रार क्लोरोक्वीन घेतलेल्यांत जास्त होती. सांधे धरलेले चिकनगुनियाचे रुग्ण मुंबईत पावसाळ्यानंतर कुठल्याही दवाखान्यात भेटतात. तेव्हा ही गोष्ट आपल्यासाठी परकी नाही.

तिसरी पायरी: आजाराचा कितवा दिवस

माझ्या मते सगळ्यांत जास्त नुकसान ही पायरी गाळल्यामुळे झालं. विषाणूजन्य आजारात पहिले काही दिवस विषाणूचे असतात. त्यानंतर, काही रुग्णांत, शरीराची स्वतःची प्रतिक्रियाच घातक होते. विषाणूला रोखणारं औषध लवकर द्यायला हवं, प्रतिकारशक्तीला आवर घालणारं उशिरा. उलट केलं तर चांगलं औषधही वाया जातं किंवा उलटतं.

डेक्सामेथासोन हे याचं लख्ख उदाहरण. जुनं, स्वस्त, कुठल्याही गल्लीतल्या केमिस्टकडे मिळणारं स्टेरॉइड. ब्रिटनमधल्या 'रिकव्हरी' चाचणीत २१०४ रुग्णांना ते रोज ६ मिलिग्रॅम, जास्तीत जास्त दहा दिवस दिलं आणि ४३२१ रुग्णांना नेहमीचेच उपचार दिले. व्हेंटिलेटरवरच्यांत २८ दिवसांतले मृत्यू ४१.४ टक्क्यांवरून २९.३ वर आले. म्हणजे अशा साधारण आठ रुग्णांना दिलं की एक जीव वाचतो. फक्त ऑक्सिजनवर असलेल्यांत २६.२ वरून २३.३. आणि ज्यांना ऑक्सिजनची गरजच नव्हती? त्यांच्यात औषध घेतलेल्यांत १७.८ टक्के मृत्यू, न घेतलेल्यांत १४. हा शेवटचा फरक योगायोगाचा असू शकतो, पण फायद्याची तर खूणही नाही.

निकाल जून २०२० मध्येच जाहीर झाला होता. तरीही २०२१ च्या दुसऱ्या लाटेत ९७-९८ सॅच्युरेशन असलेल्या, घरी झोपून असलेल्या माणसांना दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी स्टेरॉइड सुरू झालेलं आपण आजूबाजूला पाहिलं. त्यात मधुमेह. पुढे महाराष्ट्रभर म्युकरमायकोसिसचे रुग्ण आले, डोळे-जबडे काढावे लागले. त्याला कारणं अनेक, पण अनियंत्रित साखर आणि गरज नसताना दिलेलं स्टेरॉइड ही त्यांतली ठळक दोन.

रेमडेसिविरची गोष्ट याच्या उलट. मूळचं इबोलासाठी आजमावलेलं हे इंजेक्शन. अमेरिकी पुढाकाराच्या १०६२ रुग्णांच्या चाचणीत इस्पितळातल्यांचा बरं होण्याचा मध्यक काळ १५ दिवसांवरून १० वर आला, मात्र मृत्यूंतला फरक ठाम नव्हता. एप्रिल २०२१ मध्ये मुंबईत लोक ज्यासाठी रात्रभर धावपळ करत होते आणि काळ्या बाजारात तोंडाला येईल तो भाव मोजत होते, ते हेच. बरेचदा ते व्हेंटिलेटरवरच्या माणसासाठी हवं असायचं, जिथे त्याचा उपयोग सगळ्यांत कमी. पुढे धोका जास्त असलेल्या, पण अजून इस्पितळात न गेलेल्या ५६२ जणांवर लवकर, तीन दिवस देऊन पाहिलं तेव्हा इस्पितळात जाण्याचं प्रमाण ५.३ टक्क्यांवरून ०.७ वर आलं. तेच औषध, फक्त दिवस वेगळा.

म्हणून कुठल्याही निबंधात 'लक्षणं सुरू झाल्यापासून किती दिवसांनी' हा आकडा आधी शोधा. तो दिलेलाच नसेल तर तेही लिहून ठेवा.

चौथी पायरी: औषध दिलं नसतं तर काय झालं असतं?

एप्रिल २०२० मध्ये धारावी आणि वरळीच्या वस्त्यांमध्ये प्रतिबंधक म्हणून एचसीक्यू वाटण्याचा विचार पुढे आला होता. नंतर तो बाजूला पडला. जुलैपर्यंत धारावीतली रुग्णसंख्या उतरली आणि जागतिक आरोग्य संघटनेच्या प्रमुखांनीही धारावीचा उल्लेख केला. आता कल्पना करा, त्या गोळ्या वाटल्या गेल्या असत्या तर? आलेख तसाच उतरला असता आणि सगळं श्रेय गोळीला गेलं असतं. घरोघरची तपासणी, शाळांमधलं विलगीकरण, पालिकेच्या आणि खासगी डॉक्टरांची पायपीट, गावी गेलेली माणसं, सगळं त्या गोळीमागे झाकलं गेलं असतं. ज्या आजारातून बहुतेक माणसं आपोआप बरी होतात, त्यात प्रत्येक औषध गुणकारी दिसतं. आर्सेनिक अल्बमच्या होमिओपॅथिक साबुदाण्यासुद्धा.

तुलना हवी, हे मुंबईला नवं नाही. १८९७ च्या प्लेगात लस बनवणाऱ्या हाफकिन यांनी भायखळ्याच्या तुरुंगात लस टोचून घेतलेल्या कैद्यांची न टोचलेल्यांशी तुलना केली होती. फक्त तिथे पुढे आले ते स्वेच्छेने. कोण स्वेच्छेने पुढे येतो आणि कोण नाही, यातही फरक असतो. तो पुसण्यासाठी चिठ्ठ्या टाकाव्या लागतात. यालाच रँडमायझेशन म्हणतात, आणि त्याला तोड नाही.

चिठ्ठ्या न टाकलेला अभ्यास हाती आला तर तीन ठिकाणी बोट ठेवा. औषध कोणाला द्यायचं हे डॉक्टरांनी ठरवलं असेल तर का ठरवलं? महागडं इंजेक्शन बऱ्याचदा त्यालाच मिळतं ज्याच्याकडे पैसे, खाट आणि धावपळ करणारं माणूस आहे. दुसरं, वेळेची गफलत: औषध पाचव्या दिवशी सुरू झालं असेल तर चौथ्या दिवशी दगावलेला रुग्ण आपोआप 'औषध न घेतलेल्यांत' मोजला जातो आणि औषध उगाच चांगलं दिसतं. तिसरं, मध्येच गळालेले रुग्ण. मार्च २०२० मध्ये ज्या फ्रेंच अभ्यासाने एचसीक्यूचं वेड जगभर पसरवलं, त्यात औषध सुरू केलेले २६ जण होते. हिशेबात आले २०. उरलेल्या सहांपैकी तिघे आयसीयूत गेले, एक वारला, एकाने मळमळीमुळे औषध सोडलं, एक इस्पितळ सोडून गेला. विरार फास्टमध्ये अंधेरीला चढता येतं का, हे विरारला उतरलेल्यांनाच विचारण्यातला हा प्रकार. तो निबंध अखेर डिसेंबर २०२४ मध्ये मागे घेतला गेला, पण आपल्याकडे आयसीएमआरची (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेची) आरोग्यसेवकांसाठी एचसीक्यूची सूचना २२ मार्च २०२० लाच निघाली होती.

चिठ्ठ्या टाकून केलेल्या रिकव्हरी चाचणीत एचसीक्यूचं काय झालं? मृत्यू २७ टक्के, नेहमीच्या उपचारांत २५. रुग्ण अनुक्रमे १५६१ आणि ३१५५. विषय मिटला.

पाचवी पायरी: किती जण होते, आणि पट्टा कुठून कुठवर

इटोलिझुमॅब हे सोरायसिसवरचं इंजेक्शन जुलै २०२० मध्ये आपल्याकडे आणीबाणीच्या मर्यादित वापरासाठी मंजूर झालं, ते ३० रुग्णांच्या चाचणीवर. वीस जणांना औषध, त्यांत एकही मृत्यू नाही. दहा जणांना नाही, त्यांत तीन. डोळ्यांत भरणारा फरक आहे. आता असं समजा की औषधाचा काडीचाही परिणाम होत नाही आणि ३० पैकी तिघे जाणारच होते. ते तिघेही त्या दहांतच असण्याची शक्यता किती? १०/३० गुणिले ९/२९ गुणिले ८/२८, म्हणजे साधारण तीन टक्के. कमीच, पण त्या उन्हाळ्यात जगभर अशा शेकडो छोट्या चाचण्या चालू होत्या. शंभरांतल्या तिघींत असा निकाल नुसत्या नशिबाने लागेल आणि बातमी त्या तिघींचीच होईल. औषध वाईट होतं असं यातून निघत नाही. कळायला मार्ग नव्हता, एवढंच. मृत्यू २५ वरून २० टक्क्यांवर आले हे खात्रीने दाखवायचं तर प्रत्येक गटात अकराशेच्या आसपास माणसं लागतात.

मोठ्या चाचणीतही एका आकड्यावर थांबू नका, त्याच्या शेजारचा कंस वाचा. ब्राझीलमधल्या १३५८ रुग्णांच्या चाचणीत आयव्हरमेक्टिनचा सापेक्ष धोका, म्हणजे औषध न घेतलेल्यांच्या तुलनेतला धोका, ०.९० आला, पट्टा ०.७० ते १.१६. म्हणजे ३० टक्के फायद्यापासून १६ टक्के तोट्यापर्यंत काहीही शक्य. '१० टक्के फायदा' असा मथळा यावर कोणी दिला तर तो खोटा नाही, पण कामाचाही नाही.

सहावी पायरी: निकष आधी ठरला होता का

भारतातली औषधचाचणी सुरू होण्याआधी सीटीआरआय या नोंदवहीत नोंदवणं जून २००९ पासून बंधनकारक आहे, आणि ती नोंदवही कोणालाही फुकट बघता येते. निबंधात छापलेला नोंदणी क्रमांक टाका. तीन गोष्टी ताडून बघा: नोंदणीची तारीख पहिल्या रुग्णाच्या आधीची आहे का, ठरवलेली रुग्णसंख्या पूर्ण झाली का आणि मुख्य निकष तोच आहे का. निकष बदलणं म्हणजे लबाडीच असं नाही. वर सांगितलेल्या रेमडेसिविरच्या चाचणीतही तो बदलला होता, पण निकाल उघडण्याआधी आणि जाहीरपणे. गुपचूप बदललेला असेल तर निबंध बाजूला ठेवा.

निकष कसला आहे तेही बघा. मृत्यू, व्हेंटिलेटर, इस्पितळात भरती हे ठाम निकष. 'सीआरपी (रक्तातला दाहाचा आकडा) उतरलं', 'स्वॅब लवकर निगेटिव्ह आला' हे कमकुवत.

सातवी पायरी: आकड्यांना वास येतोय का

हे थोडक्यात. मे २०२० मध्ये ९६ हजार रुग्ण आणि ६७१ इस्पितळांची माहिती असल्याचा दावा करणारा एचसीक्यूविरोधी निबंध लॅन्सेटमध्ये आला आणि दोन आठवड्यांत मागे घ्यावा लागला, कारण ती माहिती कोणाला तपासूच दिली नाही. आयव्हरमेक्टिनच्या बाजूचा इजिप्तमधला गाजलेला प्रीप्रिंट (तज्ज्ञांच्या तपासणीआधीच ऑनलाइन टाकलेला) निबंध जुलै २०२१ मध्ये हटवला गेला. त्यात एकाच रुग्णाच्या नोंदी पुन्हा पुन्हा आल्या होत्या. तो वगळल्यावर अनेक अभ्यासांची बेरीज करणाऱ्या कितीतरी एकत्रित विश्लेषणांतला फायदा विरघळला. दोन्ही बाजूंनी हे झालं, हे मुद्दाम सांगतो. एकत्रित विश्लेषण समोर आलं तर सगळ्यांत जास्त फायदा दाखवणारे एक-दोन अभ्यास बोटाने झाका आणि मग काय उरतं ते बघा.

आणि फायदा खरा असला तरी तो कशाचा, हेही विचारा. आयव्हरमेक्टिनच्या बऱ्या निकालांपैकी काही अशा प्रदेशांतून आले जिथे स्ट्राँगिलॉइड नावाचा जंत घरोघरी आहे. स्टेरॉइड दिलं की हा जंत उसळतो आणि माणूस दगावू शकतो. तिथे जंताचं औषध जंतावर चाललं असण्याची शक्यता दाट.

आठवी पायरी: जुन्या औषधाची नवी किंमत

'इतकी वर्षं लोक घेतायत, नुकसान काय?' हा प्रश्न प्रत्येक वेळी येतो. औषध सुरक्षित असतं ते ठरलेल्या मात्रेत, ठरलेल्या माणसांत. एचसीक्यू आणि अझिथ्रोमायसिन दोन्ही हृदयाचा क्यूटी कालावधी (ईसीजीवरचं एक अंतर, ते फार वाढलं तर ठोके धोकादायकपणे बिघडतात) वाढवतात. मलेरियाच्या तरुण रुग्णाला ते चालून जातं. साठीतल्या, हृदयविकाराच्या, ताप-जुलाबाने पोटॅशियम उतरलेल्या माणसाला नाही.

दुसरा हिशेब त्यांचा, ज्यांचं ते औषध आधीपासून आहे. मार्च २०२० मध्ये ल्युपस आणि संधिवाताचे रुग्ण, ज्यांची एचसीक्यू रोजची गोळी, ते एका केमिस्टकडून दुसऱ्याकडे फिरत होते. २६ मार्चला सरकारने हे औषध शेड्यूल एच-१ मध्ये टाकलं, म्हणजे चिठ्ठीशिवाय विक्री बंद आणि विक्रीची वेगळी नोंद. केमिस्ट वाचत असाल तर एक विनंती: नव्या साथीत एखाद्या जुन्या औषधाचं नाव कानावर आलं की आपल्या नेहमीच्या गिऱ्हाइकांचा महिन्याभराचा साठा आधी बाजूला काढा.

नववी पायरी: पुरावा अर्धवट असताना काय करायचं

हीच सगळ्यांत नेहमीची अवस्था. चाचण्या चालू आहेत, निकाल नाही, समोर रुग्ण आहे आणि नातेवाईक विचारतायत, 'काहीतरी द्या ना डॉक्टर.' औषध चाचणीत मिळू शकत असेल तर पहिला सल्ला तोच. रुग्णाला औषध मिळण्याची शक्यता राहते, देखरेख चांगली होते आणि पुढच्या माणसाला उत्तर मिळतं. आपल्याकडे हे जमत नाही असं म्हणायची सोय नाही. बऱ्या झालेल्यांच्या रक्तातल्या प्लाझ्माची आयसीएमआरची चाचणी ऐन साथीत ३९ इस्पितळांत, ४६४ रुग्णांवर झाली. आजार बळावणं किंवा मृत्यू १९ टक्के विरुद्ध १८, उपयोग शून्य. तरी प्लाझ्मासाठी रक्तगटासकट मेसेज फिरत राहिले आणि मार्गदर्शक सूचनांतून तो बाहेर पडला मे २०२१ मध्ये.

चाचणी जवळ नसेल तर पहिल्या पायरीचा तो पाच जागांचा कागद काढा. कोण, कधी, किती या तिन्हींत तुमचा रुग्ण बसत नसेल तर ते औषध त्याच्यासाठी नाही, निकाल कितीही झळाळता असो. बसत असेल, तर फायदा किती जणांमागे एकाला, त्रास किती जणांमागे एकाला आणि खर्च किती, हे रुग्णाच्या घरच्यांना मराठीत सांगता आलं पाहिजे. सांगता येत नसेल तर ते आपल्यालाच अजून कळलेलं नाही.

कागदाच्या कोपऱ्यात तारीख घाला आणि दोन-तीन आठवड्यांनी तो परत काढा. एचसीक्यू आणि आयव्हरमेक्टिन राष्ट्रीय सूचनांतून सप्टेंबर २०२१ मध्ये गेले, पण कितीतरी दवाखान्यांच्या छापील चिठ्ठ्यांवर ते पुढेही तसेच होते. छापील चिठ्ठी असेल तर तिच्यावरही तारीख हवी, आणि जुना गठ्ठा संपेपर्यंत वापरायचा नाही.